खोक्यातून आलेली मोटार

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती जोडण्याचा छंद आता गोंदियापर्यंत येऊन पोचला आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाने अलीकडे असे एक खोके मागवले. खोक्यावर १९५७ सालच्या शेव्हरले बेल एअरचे रंगीत चित्र, आत मात्र मोटार नाही. चौकटींना लगडलेले लहानमोठे तुकडे, चार रबरी चाके, काचेच्या जागी लावायचा पारदर्शक भाग, चिकटवायची अक्षरे आणि कोणता तुकडा कुठे बसतो ते दाखवणारा एक कागद, एवढाच ऐवज. प्रमाण एकास पंचवीस. खरी बेल एअर सुमारे दोनशे इंच लांब होती, म्हणून ही आठ इंच. घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, "एवढ्या पैशांत तयार गाडी आली असती, हे तुकडे कशाला आणलेस, बेटा?" पोराला उत्तर देता आले नाही. तो मान खाली घालून सरेस कागदाने मडगार्ड घासत बसला.

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही शोधू लागलो आणि शोधता शोधता भलतीकडेच पोचलो. अमेरिकन मोटार आपल्या मुलखात बव्हंशी खोक्यातूनच, सुट्या भागांतच आली आहे. फरक एवढाच की ती आठ इंची नव्हती, दोनशे इंची होती. ती जोडणारे, तिचे रूप पालटणारे, तिला मरू न देणारे हात आपल्याकडे होते. त्या हातांचा इतिहास मात्र कुणी मांडून ठेवलेला नाही. प्लॅस्टिकच्या बेल एअरचा इतिहास अमेरिकेत छापलेला मिळतो, पण आपल्या शहरांतल्या ज्या उस्तादांनी खऱ्या मोटारी उघडल्या आणि पुन्हा उभ्या केल्या, त्यांची नावे मोहल्ल्याबाहेर कुणाला ठाऊक नाहीत.

आधी त्या प्लॅस्टिकच्या मोटारीबद्दल थोडे सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटार घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. दरवर्षी नवा नमुना निघे आणि दरवर्षी गिऱ्हाइकाला नवी भुरळ घालावी लागे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी १९४८ च्या सुमारास ए. एम. टी. नावाची कंपनी निघाली. मोटारविक्रेत्यांना ती छोट्या नमुना-मोटारी पुरवी. त्यांना खऱ्या मोटारीच्याच रंगछटा दिलेल्या असत. बाप दुकानात गाडी बघायला आला की पोराच्या हातात नमुना जाई आणि पोर घरी जाऊन बापाच्या मागे लागे. व्यापाराची ही नीती जुनीच आहे, आपल्याकडचा हलवाईसुद्धा आधी पोराच्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवतो. त्या काळचे प्लॅस्टिक असे की काही वर्षांत नमुन्याचे अंग वाकडे होई, टप खाली बसे. अशा वाकलेल्या नमुन्यांनाही आज हौशी लोक जपतात.

१९५८ साली याच कंपनीने नमुने सुट्या भागांत विकायला सुरुवात केली. एकाच खोक्यातून तीन तऱ्हांची मोटार बनवता येई, कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या मनाजोगती. ही तिसरी तऱ्हा म्हणजे 'कस्टम'. तिच्यामागे कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांचा शौक होता. तिथले कारागीर खरी मोटार घेत, टपाचे खांब कापून टप बुटका करत, सांगाडा जमिनीलगत उतरवत, दाराच्या मुठी काढून टाकून अंग गुळगुळीत करत आणि वर थरावर थर देऊन झळाळता रंग चढवत. लॉस एंजेलिसचा जॉर्ज बॅरिस हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. टीव्हीवरच्या बॅटमॅनची गाडी त्यानेच १९६६ च्या मालिकेसाठी बनवली, लिंकन फ्युचुरा या १९५५ च्या प्रदर्शनातल्या मोटारीवरून. असल्या गाड्यांचे छोटे संच निघाले आणि जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून मुले टप कापू लागली, पुट्टी भरू लागली, घासू लागली, रंगवू लागली.

कापणे, पुट्टी भरणे, घासणे, रंगवणे. ही चार क्रियापदे वाचताच आमच्या डोळ्यांपुढे बालाघाटच्या रस्त्यावरचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान उभे राहते. वाचकांच्या डोळ्यांपुढेही आपापल्या गावचे असेच एखादे दुकान उभे राहिले असेल.

आता मुंबईत येऊ. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारजुळणीचा कारखाना काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून पहिली शेव्हरले बाहेर पडली. फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी त्याआधी दोन वर्षे, १९२६ मध्ये, स्थापन झाली होती, आणि पुढे तिनेही मुंबईत जुळणी सुरू केली. तयार मोटार जहाजात फार जागा अडवते. तीच मोटार सुटी करून पेट्यांत भरली तर त्याच जागेत कितीतरी अधिक माल मावतो आणि भाडे वाचते. म्हणून सांगाडा एका पेटीत, इंजिन दुसरीत, पत्रे तिसरीत असा माल बंदरावर उतरे. शिवडीत पेट्या उघडत, सांगाडा रांगेत ठेवला जाई, एकेक भाग चढत जाई आणि शेवटी मोटार आपल्या चाकांवर फाटकाबाहेर पडे. मोहल्ल्यातल्या पोराने मागवलेल्या खोक्यात आणि शिवडीच्या त्या पेट्यांत तत्त्वाचा काही फरक नाही. दोन्हीकडे नमुना परक्याचा, आराखडा परक्याचा, जुळणी आपली.

'जुळणी आपली' हे म्हणताना अभिमान आणि खंत दोन्ही वाटतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच आग्रह धरला होता की नुसती जुळणी पुरे नाही, मोटार इथेच घडली पाहिजे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी हा ध्यास घेतला. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ या योजनेला अनुकूल होते, सरकार मात्र नव्हते. युद्धाच्या काळात परवानगी रखडत राहिली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघू लागल्या. त्याही आरंभी सुट्या भागांतूनच जोडलेल्या.

कुर्ल्याच्या या गाड्यांत एक गंमत आहे, आणि नमुना जोडणाऱ्या पोरांना ती विशेष आवडेल. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तीन नावे आपल्या वडिलांच्या पिढीने आदराने घेतली. डॉजवाला प्लिमथवाल्याकडे तुच्छतेने बघे, प्लिमथवाला डिसोटोचा हेवा करी. पण परदेशी पाठवण्यासाठी क्रायस्लर एक युक्ती करी. अंग प्लिमथचेच ठेवायचे, पुढची जाळी आणि नाव तेवढे बदलायचे, की झाली डॉज किंग्जवे. जाळी आणखी वेगळी लावली की झाली डिसोटो डिप्लोमॅट. तिघींची हाडे एकच, मुखडे तीन. ए. एम. टी.च्या खोक्यातून एकच मोटार तीन तऱ्हांनी बनवता येई, हे १९५८ चे नवल. क्रायस्लरने तेच खऱ्या मोटारीत त्याआधीच करून दाखवले होते! आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांना ही गोष्ट कंपनीच्या कागदांशिवाय कळली होती. एकीचे दार दुसरीला बसते हे त्यांच्या हातांना माहीत होते.

मुस्लिम वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी तिसरी कथा माझगावची आहे. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव महिंद्र अँड महंमद. युद्धकाळात कैलाशचंद्र अमेरिकेत हिंदुस्थान सरकारच्या खरेदीच्या कामावर होते. तिथे जीपच्या इंजिनामागचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि ही खणखणीत गाडी हिंदुस्थानच्या कच्च्या रस्त्यांना योग्य आहे हे त्यांच्या मनाने घेतले. १९४७ मध्ये देश फाळला गेला. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. 'एम अँड एम' ही अक्षरे तशीच राहिली, छापलेले कागद वाया गेले नाहीत, असे लोक गमतीने सांगतात. १९४९ मध्ये माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पहिल्या खेपेला पंचाहत्तर गाड्या, अर्थात सुट्या भागांत.

आम्हाला या कथेत फाळणीचे एक लहानसे चित्र दिसते. कारखाना सुरू व्हायच्या आत पाटीवरून एक नाव उतरले. उतरलेल्या नावाचा मालक मोठा माणूस होता. त्याला दुसऱ्या देशात मोठी खुर्ची मिळाली आणि इतिहासात त्याची नोंद राहिली. पण जे गेले नाहीत, ज्यांच्यापुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता, जे मदनपुऱ्यात, कुर्ल्यात, नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आणि आमच्या गोंदियात हातात पाना धरून उभे होते, त्यांचे नाव कोणत्याच पाटीवर नव्हते. म्हणून ते उतरवण्याचीही कुणाला गरज पडली नाही.

शिवडीचा कारखाना फार टिकला नाही. स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले की ज्यांना हळूहळू सगळे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावे. जनरल मोटर्स १९५४ मध्ये आवरून गेली आणि फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. गाड्या मात्र राहिल्या. यानंतरचा इतिहास कारखान्यांत नाही, गॅरेजांत आहे, आणि तो सांगायला मुंबईपेक्षा विदर्भ बरा.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण गोंदिया गाव व्यापाराच्या नकाशावर त्याआधी शंभर वर्षे आहे. रेल्वेचे जंक्शन, राईस मिलची धुराडी, विडीचे कारखाने, आणि तिन्ही बाजूंनी जंगल. धान, तेंदूपाने आणि लाकूड या तिन्ही वस्तू रेल्वेच्या रुळांपासून दूर पिकतात. त्या स्टेशनापर्यंत आणायला आधी बैलबंडी होती, मग ट्रक आला. ट्रक तरी पुरा कुठे येत असे! गिऱ्हाईक फक्त चासी घेई, म्हणजे इंजिन, चाके आणि लांब लोखंडी सांगाडा. चालक उघड्यावर, लाकडी फळीवर किंवा पोत्यावर बसून, डोक्याला फडके गुंडाळून ती हाकत आणी. पुढचे काम सुताराचे, लोहाराचे, पत्रा ठोकणाऱ्याचे आणि रंगाऱ्याचे. केबिन लाकडाची, हौदा लाकडाचा, वर ताडपत्रीच्या कमानी. कालपर्यंत टांग्याचे धुरे आणि बंडीची चाके घडवणारे हात मोटारीची 'बॉडी' बांधू लागले. बसगाड्यांचेही तेच. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली एस. टी. धावली. त्या सुरुवातीच्या ताफ्यात दहा मेकच्या गाड्या होत्या. शेव्हरले, स्टुडबेकर ही अमेरिकन नावे त्यांत होती. अंगे लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या.

म्हणजे अमेरिकेतल्या हौशी मुलाने 'मनाजोगती मोटार' हा शब्द ऐकण्याआधीच आपल्याकडे प्रत्येक ट्रक मनाजोगता होता. दोन ट्रकांची तोंडे सारखी नसत. कुणी केबिनवर लाकडी महिरप काढी, कुणी दारावर मोर, कुणी ७८६ चा आकडा, कुणी शेजारी गणपती, आणि रंगारी बहुधा एकच. युद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा याच गाड्यांच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवली गेली. लोणारी कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले आणि चढ आला की उतारूंना उतरावे लागे. अमेरिकन शेव्हरलेच्या पाठीवर आपल्या जंगलचा कोळसा! कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही गॅरेजला असले 'कस्टम' सुचले नसते, कारण तशी वेळच त्यांच्यावर आली नाही.

युद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल 'डिस्पोजल'मध्ये निघाला. १९४० साली इंग्रजांनी आमच्याजवळ बिरसीला धावपट्टी बांधली होती, म्हणजे लष्करी यंत्रे या भागाला अपरिचित नव्हती. फोर्ड, शेव्हरले, डॉज यांचे लष्करी ट्रक आणि जीपगाड्या देशभर लिलावात गेल्या आणि जंगलकंत्राटदारांना तर त्या वरदानच वाटल्या. माझगावची जीप पुढे आली तिनेही हीच वाट धरली. अमेरिकेत तिची उंच बोनेटवाली जात १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे ती त्यानंतरही कैक वर्षे निघत राहिली. आमच्या भागात तिची पाठ लांबवली गेली, समोरासमोर बाके पडली, वर लोखंडी पिंजरा आणि ताडपत्री चढली. निवडणूक असो, लग्न असो की देवरीच्या बाजार, मूळ आराखड्यात मोजक्या माणसांची असलेली ही गाडी किती माणसे वाहून नेई हे आम्ही इथे लिहीत नाही. आर. टी. ओ.चे कुणी वाचत असेल.

मोठ्या मोटारींची कथा याहून करुण. १९५० च्या दशकातल्या प्लिमथ, डॉज, शेव्हरले, पुढे वकिलातींतून लिलावात निघालेल्या इम्पाला, या सगळ्या पेट्रोल पाण्यासारख्या पीत. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा त्यांचे धनी हात टेकून बसले. मग गॅरेजवाल्यांनी त्यांच्या पोटातले अमेरिकन इंजिन काढून डिझेलचे इंजिन बसवले. ऐकायला सोपे, करायला महाकठीण. इंजिनाच्या जागा जुळत नाहीत, गिअरपेटीचे तोंड जुळत नाही, वजन वाढल्याने पुढचे पाटे दबतात, धडधड एवढी की दारे आपोआप उघडतात. प्रत्येक अडचणीला पत्र्याचा पूल, लोखंडाचा तुकडा, रबराची चकती घालून वाट काढावी लागे. छापील आराखडा कुणाकडे नव्हता. उस्ताद जमिनीवर खडूने रेघा मारी आणि चेला त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत चाले. अशा गाड्यांनी टॅक्सी म्हणून आणखी वीसेक वर्षे काढली. काहींचे टप कापले गेले, त्या वरातीत फुलांनी लडबडून निघाल्या, आणि शेवटी भंगारात किलोने गेल्या.

इथे अमेरिकेतलीच आणखी एक हकिकत सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होत नाही. जनरल मोटर्सची मोटारींची अंगे बनवणारी शाखा म्हणजे फिशर बॉडी. तिने १९३० साली मुलांसाठी 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा सुरू केली. आरंभी काम होते नेपोलियनच्या धर्तीच्या शाही बग्गीची छोटी प्रतिकृती बनवण्याचे, लाकूड, धातू, कापड, सगळे स्वतःच्या हाताने. १९३७ पासून मुले स्वतः कल्पिलेल्या मोटारीचे एकास बारा प्रमाणातले नमुनेही बनवू लागली. बक्षीस होते विद्यापीठातल्या शिक्षणाचा खर्च. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे त्याच जनरल मोटर्सच्या संपूर्ण रेखाटन विभागाचा प्रमुख झाला. ज्या पोराने घरी लाकडाचा ठोकळा तासून मोटार काढली, त्याच्या हाती पुढे साऱ्या कंपनीच्या मोटारींचे रूप ठरवण्याचा अधिकार आला.

आता कालगणना पाहा. अमेरिकेत ही स्पर्धा भरात होती त्या काळात याच कंपनीचा कारखाना शिवडीत चालू होता. तिथल्या पोराला छोटी मोटार बनवल्याबद्दल विद्यापीठ मिळत होते. इथला पोरगा खरी मोटार जोडत होता, आणि त्याला मिळत होती रोजंदारी. आम्ही कंपनीला दोष देत नाही, परक्या कंपनीने आपल्या मुलांच्या तालिमीची काळजी का वाहावी? प्रश्न आपला आपल्याला आहे. ज्या समाजात इतके हुन्नर होते त्याला हातापासून कागदापर्यंत, गॅरेजपासून रेखाटनाच्या फळ्यापर्यंत जाणारी वाट का सापडली नाही?

२००५ मध्ये नेमलेल्या आणि २००६ मध्ये अहवाल दिलेल्या सच्चर समितीने मुसलमानांच्या रोजगाराचे जे चित्र मांडले त्यात दोन गोष्टी ठळक आहेत. तंबाखूच्या, म्हणजे मुख्यतः विडीच्या उद्योगात, आणि मोटारींच्या दुरुस्ती-विक्रीत मुस्लिम कामगारांचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याहून बराच मोठा आहे. हे वाचताना आम्हाला दिल्लीचा अहवाल वाचतो आहोत असे वाटले नाही, गोंदियातल्या एखाद्या गल्लीचे वर्णन वाचतो आहोत असे वाटले. आई सुपात तेंदूपान कापते आहे, बाप गॅरेजमध्ये गाडीखाली झोपला आहे आणि दहा वर्षांचा पोरगा रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुतो आहे. त्या पोराला तेरा नंबरचा पाना न बघता नुसत्या स्पर्शाने ओळखता येतो. त्याच पोराला गणिताच्या पेपरात प्रमाण आणि गुणोत्तर सोडवता येत नाही, कारण ते त्याला पान्याच्या भाषेत कुणी शिकवले नाही.

आणि म्हणूनच आम्हाला त्या आठ इंची बेल एअरचे अप्रूप वाटते. एकास पंचवीस म्हणजे काय हे ती पोराला डोळ्यांनी दाखवते. जीपच्या पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ऐंशी इंच असतील, तर नमुन्यात ते तीन पूर्णांक दोन दशांश इंच. एवढे समजले की पोरगा खऱ्या गाडीला फूटपट्टी लावतो, आणि फूटपट्टी लावली की वहीत लिहितो. गॅरेज आणि शाळा यांच्यामधली भिंत तिथे जराशी खचते.

कुणी म्हणेल, हा परक्यांचा शौक, आपल्या मातीतला नव्हे. आम्हाला हे पटत नाही. विदर्भातले प्रत्येक लेकरू तान्ह्या पोळ्याला चाकांवरचा लाकडी नंदी ओढते. तो बैलाचा नमुनाच, सुताराने तासलेला, आणि शेजारच्या नंदीहून आपला देखणा दिसावा म्हणून शिंगांना बेगड लावलेला, म्हणजेच 'कस्टम'. दुसरे उदाहरण ताजियाचे. ताजिया काढावा की काढू नये या वादात आम्हाला शिरायचे नाही, त्यावर बोलायला आलिम मंडळी समर्थ आहेत. आम्ही फक्त कारागिरी पाहतो. करबल्याच्या रौज्याची ती प्रतिकृती. बांबूच्या कामट्या चिरायच्या, सांगाडा बांधायचा, कागद आणि पन्नी डकवायची, घुमट गोल आणायचा, मिनार सरळ ठेवायचे, आणि सगळे इतके हलके की खांद्यावर उचलता यावे. ज्यांच्या आजोबांनी रौजा पाहिला नव्हता, चित्रावरून आणि ऐकीव माहितीवरून तो उभा केला, त्यांच्या नातवाला न पाहिलेली शेव्हरले जोडणे परके का वाटावे? मोहर्रमच्या काळात कामट्या बांधणारा माणूस एरवी ट्रकच्या हौद्याला ताडपत्रीच्या कमानी बांधताना आम्ही पाहिला आहे. गाठ तीच होती.

या छंदातही आता आपल्या पोरांनी आपली वाट काढली आहे. परदेशी संच महाग पडतो, जकात वेगळी. म्हणून राज्यभर अनेक तरुण सनबोर्डाचे पत्रे कापून एस. टी.च्या बसचे आणि ट्रकचे नमुने हाताने बनवतात. खिडक्यांची जाळी, फलकावरची गावांची नावे, मागची शिडी, सगळे जिथल्या तिथे. यात खोके नाही, नकाशा नाही, तयार तुकडा नाही. ही पोरे आपल्या आजोबांसारखी चासीपासून सुरुवात करतात. आम्हाला तर हा प्रकार परदेशी संचाहून वरचढ वाटतो, जरी संचातली सफाई त्यात नसली.

या पोरांनी एस. टी.पाशी थांबू नये. १९५७ ची बेल एअर जपायला अमेरिका समर्थ आहे, तिचे संच आजही बाजारात येतात. कुर्ल्याची डॉज, लाकडी केबिनची, दारावर मोर आणि हौद्यात धानाची पोती, ही कोणत्या कंपनीच्या खोक्यात मिळणार? पाठीवर कोळशाची भट्टी घेतलेली शेव्हरले बस, तेंदूपानांनी छतापर्यंत भरलेली लांबवलेली जीप, डिझेलचे इंजिन पोटात घेतलेली प्लिमथ, यांचे संच कुणीही काढणार नाही. त्या हातानेच बनवाव्या लागतील आणि त्यासाठी मापे लागतील. मापे दोनच ठिकाणी आहेत. एक म्हणजे गावाबाहेरच्या भंगारात गंजत पडलेले सांगाडे, आणि दुसरे म्हणजे ऐंशीच्या घरातले उस्ताद, जे आता गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि नातवाच्या हाताखालच्या इंजिनाचा आवाज ऐकून झडप कोणती सैल आहे ते सांगतात.

कोहमाऱ्याकडे जाताना, महामार्गालगत, अशाच एका जुन्या ट्रकची केबिन आम्ही परवा पाहिली. चाके गेलेली, इंजिन गेलेले, दाराच्या चौकटीचे सागवान मात्र शाबूत. रंगाचे पोपडे उडाले आहेत, त्याखाली आणखी एक रंग, त्याखाली तिसरा. चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही, तिथे पटाशीने कोरलेली दोन अक्षरे आहेत, बहुधा सुताराची. बरोबरच्या पोराने खिशातून टेप काढली आणि आम्ही दुसरे टोक धरले. केबिनची रुंदी त्याने वहीत लिहिली, पंचविसाने भागली, आणि खाली ती दोन अक्षरेही जशीच्या तशी उतरवून घेतली.